राणीघर हातात घेताना



मधाची आठवण आपल्याला तिश्री महिन्यात होते. रोश हशाना, म्हणजे आपल्या जुन्या माणसांचा नव्याचा सण, जवळ आला की घरात बरणी येते, सफरचंदाच्या फोडी होतात, चिकाच्या हलव्याचं ताट शेजारी बसतं. पण त्या बरणीत किती मध पडणार हे सहा महिने आधी ठरतं, पुरीम ते पेसाख या दिवसांत. तेव्हा इकडे संत्र्या-लिंबांच्या बागा फुलतात, मधपेट्यांतली पोळी भराभर वाढतात आणि मधमाश्या पाळणारे लोक नव्या राण्या तयार करायला घेतात. राणी धड निघाली तर पेटी भरते. अधू निघाली तर उन्हाळ्याच्या मध्यावर पेटी ओस पडते.

माझा जावई अश्दोदजवळच्या एका मोशावात पेट्या ठेवतो. मी सगळी वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीच नवजात बाळांच्या वॉर्डात. आता वसंतातले पाच-सहा आठवडे मी त्याच्याकडे राण्यांच्या कामाला जाते. जड चौकटी उचलणं हे जवानांचं काम, ते माझ्याकडे नाही. माझ्याकडे राणीघरं असतात. क्लबमधल्या दोघीतिघी हसून म्हणाल्या, "अगं, माशीच ना ती! तिला एवढं काय जपायचं?" त्यांना तोंडी सांगितलं ते इथे नीट लिहून काढते.

आधी राणी होते कशी ते बघू. एका पेटीत हजारो कामकरी माश्या, थोडे नर आणि राणी एकच. राणीचं अंडं आणि कामकरी माशीचं अंडं यांत काही फरक नसतो. फरक पडतो तो खाण्यात आणि घरात. अंड्यातून तिसऱ्या दिवसानंतर बारीक पांढरी अळी निघते. दाई माश्या आपल्या डोक्यातल्या ग्रंथींतून एक पांढरं घट्ट खाणं काढतात, त्याला कोणी राजान्न म्हणतात, दुकानात रॉयल जेली म्हणून विकतात. कामकरी व्हायच्या अळीला ते थोडे दिवस मिळतं, मग परागकण आणि मध सुरू. राणी व्हायच्या अळीला मात्र शेवटपर्यंत तेच, आणि इतकं की ती त्यात पोहत असते. घरही वेगळं. बाकीची घरं आडवी, सहा कोनांची. राणीचं घर उभं, खाली लोंबणारं, भुईमुगाच्या शेंगेएवढं आणि शेंगेसारखंच खरबरीत. यालाच मी राणीघर म्हणते. कोकणातल्या आपल्या सातेरी माशीचंही राणीघर असंच पोळ्याच्या खालच्या कडेला लोंबतं. ज्यांनी गावाकडे झाडाच्या ढोलीतलं पोळं बघितलं असेल त्यांना आठवेल.

अंडं घातल्यापासून साधारण सोळाव्या दिवशी राणी बाहेर येते. कामकरी माशीला एकवीस दिवस लागतात, नराला चोवीस. राणी सगळ्यांत मोठी, पण तिलाच सगळ्यांत कमी दिवस. म्हणजे प्रत्येक दिवसाला आत फार काही घडत असतं.

माणूस राण्या तयार करतो तेव्हा एक दिवसाच्या आतली अळी बारीक चमच्यासारख्या काडीने उचलून मेणाच्या किंवा प्लास्टिकच्या छोट्या वाटीत ठेवतो. अशा वाट्या एका पट्टीला उलट्या टांगायच्या आणि राणी नसलेल्या, दाई माश्यांनी गच्च भरलेल्या पेटीत सोडायच्या. राणी नाही म्हणून माश्या कासावीस झालेल्या असतात, त्या लगेच त्या अळ्यांना राजान्न भरवू लागतात आणि वाटीखाली मेणाची शेंग बांधत जातात. वाट्यांची ही रीत अमेरिकेतल्या गिल्बर्ट डूलिटल यांच्या 1889 च्या पुस्तकामुळे सगळीकडे पसरली, आणि आजही मूळ काम तसंच चालतं. अळी उचलण्याचं काम माझ्या नातवाचं. त्याला वीस वर्षांचे डोळे आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. अळी उचलली तो दिवस शून्य धरा. पाचव्या दिवसाच्या सुमारास माश्या शेंगेचं खालचं तोंड मेणाने बंद करतात. तोवर अळी वरच्या बाजूला, म्हणजे घराच्या छताला, राजान्नाच्या गोळ्यावर चिकटून असते. तिला धरून ठेवणारं दुसरं काही नाही, फक्त त्या ओलसर गोळ्याचा चिकटपणा. तोंड बंद झाल्यावर ती अजून थोडं खाते, स्वतःभोवती रेशमासारखं आवरण विणते, डोकं खाली करून उभी लोंबते आणि कोशात जाते. या वेळी कोणी पट्टी झटकली, आडवी केली, टेबलावर आपटली, तर अळी गोळ्यावरून सुटून खाली टोकात पडते. परत वर चढणं तिला जमत नाही. ती खाण्यावाचून मरते किंवा खुरटी राहते.

त्यानंतरचे दिवस तर अधिक नाजूक. कोशातली राणी दुधासारखी पांढरी असते. डोळे आधी रंग धरतात, मग अंग. पंख म्हणजे त्या वेळी नुसत्या पाण्याने भरलेल्या बारीक पिशव्या, पाय मेणाहून मऊ. आत तिला कुठलीही गादी नाही. धक्का बसला तर पंख घराच्या भिंतीवर दाबला जातो, आणि दाबला तसाच वाळतो. वॉर्डात आम्ही मुदतीआधीच्या बाळाला इन्क्युबेटरमध्ये हात घालून वळवायचो तेव्हा जी काळजी घ्यायचो, तीच इथे. फरक इतकाच की बाळ रडून सांगतं. राणीघर काही सांगत नाही. बाहेरून शेंग जशीच्या तशी दिसते. नुकसान झालं ते आठवड्याने कळतं, कधी तीन आठवड्यांनी.

म्हणून नियम असा की तोंड बंद झाल्यापासून साधारण नवव्या दिवसापर्यंत राणीघरांना हात लावायचा नाही. चौकट बघायलाच हवी असेल तर सरळ वर उचलायची, सरळ खाली ठेवायची. इतर चौकटींवरच्या माश्या आपण एक झटका देऊन पाडतो, तो झटका या चौकटीला कधीच नाही. माश्या बाजूला करायच्या तर मऊ ब्रशने, नाहीतर कोंबडीच्या पिसाने हळूच सारायच्या. पीस मला जास्त आवडतं.

दहाव्या दिवशी राणीघरं हलवायची. तोवर राणीचं अंग घट्ट झालेलं असतं, पंख-पाय तयार असतात, बाहेर यायला एक-दोन दिवस उरलेले. त्याची खूणही दिसते. माश्या टोकावरचं मेण खरवडून काढतात आणि खालचं तपकिरी, कागदासारखं आवरण उघडं पडतं. टोक असं तांबूस झालेलं दिसलं की समजायचं, बाई निघायच्या तयारीत आहेत. आदल्या दिवशी हलवलं तर घाई आणि दोन दिवस उशीर केला तर पहिली निघालेली राणी बाकीच्या सगळ्या घरांना बाजूने भोक पाडून आतल्या बहिणींना डंख मारून संपवते. राण्यांमध्ये वाटणी नसते. कधी कधी संध्याकाळी पेटीला कान लावला तर बाहेर आलेल्या राणीचा पिपाणीसारखा बारीक लांब सूर ऐकू येतो आणि घरात बंद असलेल्या राण्या आतून बदकासारखा तुटक आवाज काढून उत्तर देतात. तो आवाज ऐकला की जावई उरलेली घरं ताबडतोब वेगळी करतो.

राणीघर धरायचं ते वरच्या वाटीला, मेणाच्या शेंगेला नाही. बोटांचा दाब मेणाला कळतो. आणि टोक नेहमी खाली. "एक मिनिट आडवं ठेवलं तर काय झालं" असं म्हणायचं नाही. दहाव्या दिवशी ते मिनिट कदाचित चालूनही जाईल, सहाव्या दिवशी चालत नाही, आणि हाताला सवय एकच लावलेली बरी. पोळ्यावर आपोआप आलेलं राणीघर कापून घ्यायचं असेल तर धारदार सुरीने, भोवतालचं बोटभर पोळं ठेवूनच कापायचं, म्हणजे धरायला जागा राहते आणि मुळाशी भोक पडत नाही.

आत राणी जिवंत आहे का हे बघायची एक युक्ती आहे. घर उभंच धरून मागून विजेरीचा किंवा उन्हाचा उजेड घ्यायचा. आत गडद सावली दिसते आणि तयार राणी असेल तर ती किंचित हलते. अंडं उजेडासमोर धरून बघतात, तसंच. हे मी प्रत्येक घराला करत नाही. शंका आली त्यालाच.

दुसरी गोष्ट ऊब. पेटीच्या मधल्या भागात, जिथे पिल्लं असतात, तिथे माश्या 34-35 अंश उष्णता कायम राखतात. बाहेर गार असो की हमसीन वाहत असो. गारवा असेल तर अंग थरथरवून ऊब करतात, गरमी असेल तर पाणी आणून पंखांनी वारा घालतात. राणीघर त्या गर्दीतून बाहेर काढलं की ती ऊब देणारं कोणी नाही, तुम्हीच. फार वेळ गारठलं तर राणी मरते किंवा पंख सुरकुतलेली निघते. जास्त तापलं तरी तेच.

आमची सोय साधी आहे. सहलीला नेतो ती थंड पेटी, आपली त्सिदनीत. आत जाड फोमचा ठोकळा, त्याला राणीघराच्या मापाची भोकं. घरं त्यात टोक खाली करून उभी. बाजूला कोमट पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून, एक ओला स्पंज आणि थर्मामीटर. थर्मामीटर घरांच्या मध्ये ठेवायचा, बाटलीला टेकवून नाही. बाटलीचं ताप मोजून काय करायचं? गाडीत ती पेटी मांडीवर घेऊन मी बसते, पायाशी किंवा डिकीत नाही. मोशावातल्या कच्च्या रस्त्यावर जावई पायी चालल्यासारखी गाडी चालवतो. मागून हॉर्न वाजतात. वाजू देत.

दोन वर्षांपूर्वी एका माणसाने दुसरीकडून वीस राणीघरं विकत आणली. सातव्या दिवसाची, जोड्याच्या खोक्यात आडवी, मागच्या सीटवर, वर एसी चालू. आमच्याकडे येऊन त्याने ती एका पेटीत एक अशी लावली. वीसांतून सहा राण्या धड निघाल्या. काही घरं उघडलीच नाहीत. काही राण्या निघाल्या पण एका बाजूचा पंख मुडपलेला, कोणाचा मागचा पाय ओढत. पंख मुडपणं हे वारोआ नावाच्या परजीवीबरोबर येणाऱ्या विषाणूनेही होतं, म्हणून मी लगेच बोट दाखवत नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या स्वतःच्या घरांतून तसं काही निघालं नव्हतं.

कोणी म्हणेल, एक पंख वाकडा, त्याने काय बिघडतं? राणीला मध गोळा करायला कुठे जायचं असतं? पण राणीचं लग्न आकाशात होतं. जन्मानंतर साधारण आठवड्याने, उबदार दुपारी, ती उडत बाहेर जाते आणि हवेतच दहा-पंधरा नरांशी, कधी त्याहून जास्त नरांशी मीलन करते. ते बीज पोटातल्या एका पिशवीत साठवून ती पुढची वर्षं चालवते. परत असं उडणं नाही. हे मीलन पेटीबाहेर होतं हे दाखवणाऱ्यांत स्वित्झर्लंडचा फ्रान्स्वा ह्यूबर होता. तो आंधळा होता. त्याचा नोकर बर्नेन्स बघायचा, हा प्रश्न विचारायचा, आणि दोघांच्या कामाचं पुस्तक 1792 साली निघालं. मला त्या बर्नेन्सचं कौतुक वाटतं.

तर, ज्या राणीला उडता येत नाही तिला बीज मिळत नाही. ती अंडी घालते, पण बीजाशिवायच्या अंड्यातून फक्त नर निघतात. नर फुलांवर जात नाहीत, पोळं बांधत नाहीत, पिल्लांना भरवत नाहीत. हंगामातली कामकरी माशी पाच-सहा आठवडेच जगते. नव्या कामकरी जन्मल्या नाहीत की पेटी दोन महिन्यांत रिकामी. चांगली राणी भर हंगामात दिवसाला दीड हजारावर अंडी घालते, म्हणजे एका मुडपलेल्या पंखाने किती जीव अडतात याचा हिशोब तुम्हीच करा.

राणीघर लावायचं ते छोट्या पेटीत, जिथे राणी नाही, पण दाई माश्या आणि थोडी पिल्लं आहेत. दोन चौकटींच्या मध्ये, पिल्लांच्या वरच्या अंगाला. अंगठ्याने पोळ्यावर थोडा खळगा करायचा आणि वाटी त्यात हळूच बसवायची, शेंगेला दोन्हीकडून पोळं दाबणार नाही इतकी जागा ठेवून. अगदी खाली लावलं तर मार्चच्या गार रात्री माश्या गोळा होऊन वर सरकतात आणि घर उघडं पडतं. माश्या परक्या घराला कुरतडतील अशी भीती असेल तर बाजूने चिकटपट्टी गुंडाळतात. त्या बाजूने कुरतडतात, टोकाने नाही. टोक मात्र मोकळं ठेवायचं, तिथूनच बाहेर यायचं आहे. मग झाकण ठेवायचं, तेही आपटून नाही.

दोन दिवसांनी एकदा बघायचं. टोकाला गोल झाकण एका बाजूने लटकलेलं दिसलं, कुंकवाच्या डबीचं असतं तसं, तर राणी व्यवस्थित निघाली. बाजूला ओबडधोबड भोक असेल तर ती मारली गेली. कधी झाकण परत मिटतं आणि घर न उघडल्यासारखं दिसतं. नखाने हळूच उचललं तर आतून एखादी कामकरी माशी निघते, उरलेलं राजान्न खायला गेलेली आणि अडकलेली. हे बघून झालं की दोन आठवडे त्या पेटीला हात नाही. नवी राणी भित्री असते, आणि ती फेरीवर असताना पेटी उघडी सापडली तर परत येताना वाट चुकते.

आकाशातही सगळं सरळ नसतं. वसंतात इकडून शरकरक पक्ष्यांचे थवे जातात. आपल्याकडे तारेवर बसणारा वेडा राघू आठवतो ना, त्याचाच मोठा, रंगीत भाऊ. तो उडत्या माश्या पकडतो आणि त्यात राणीही सापडते. त्यावर आमच्याकडे उपाय नाही. थव्याचा आवाज आला की जावई वर बघून पुटपुटतो आणि दोन-चार राणीघरं जास्त ठेवतो.

माश्यांना इकडून तिकडे नेणं हे काही आजचं नाही. बेत शआनजवळ तेल रेहोव्ह इथे 2007 साली उत्खननात मातीच्या नळकांड्यांच्या मधपेट्या सापडल्या, राजांच्या काळातल्या, सुमारे तीन हजार वर्षं जुन्या. जळालेल्या पोळ्यात माश्यांचे अवशेषही होते. तपासले तेव्हा ते इथल्या स्थानिक माशीपेक्षा तुर्कस्तानातल्या माशीच्या जवळचे निघाले. म्हणजे तेव्हाही कोणी गरीब स्वभावाच्या माश्या लांबून आणल्या असाव्यात, असं संशोधकांना वाटतं. इथली मूळ सुरियन माशी तापट. आज आपल्याकडे पेट्यांत असते ती बहुतेक इटालियन. गाढवावरून की बैलगाडीतून, कशा आणल्या असतील, याचा विचार मी गाडीत पेटी मांडीवर घेऊन करत असते.

कोणाला नातवंडांबरोबर हे बघायला जायचं असेल तर नर्स म्हणून दोन शब्द. ज्यांना डंखाने पूर्वी अंग सुजणं, धाप लागणं, चक्कर असं झालं आहे, त्यांनी पेट्यांजवळ जाऊच नये. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण जोराची ॲलर्जी आली तर त्या गोळीमुळे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही. डंख लागला तर नांगी नखाने लगेच काढायची, कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं. श्वास अडला तर वाट बघायची नाही, 101 लावायचा.

हात थोडे कापतात म्हणून लाजू नका, हेही सांगते. माझेही कापतात. बारीक कापण्याने राणीघराला काही होत नाही. झटक्याने होतं, आणि झटका घाईतून येतो. मी कोपर अंगाला टेकवते, दुसऱ्या हाताचा आधार घेते आणि एका वेळी एकच घर उचलते. वीस घरं लावायला मला तास लागतो. नातू अर्ध्या वेळात लावेल, पण तो मध्ये फोन बघतो.

दोन आठवड्यांनंतर छोटी पेटी उघडतो. राणी शोधायची गरज नाही, अंडी दिसली की पुरे. एका घरात एकच, तळाला उभं, तांदळाच्या कणीहून बारीक. ती मला चष्म्यातूनही दिसत नाहीत. नातू उन्हाकडे पाठ करून चौकट तिरकी धरतो, थोडा वेळ बघतो आणि म्हणतो, "सावता, येश." मग मी वहीत त्या पेटीपुढे तारीख लिहिते.